दोन पूर्णांक सहा मिलिमीटर

झहूर बुरोंडकरांची आणि माझी ओळख एका मोडलेल्या शाफ्टमुळे झाली. मी कुवेतमध्ये तेलाच्या पाइपलाइनी तपासतो. पाइपाची जाडी किती उरली, गंज कुठवर पोचला, हे मोजणं हे माझं काम. एकदा आमच्या पंपाचा शाफ्ट मोडला आणि नवा यायला सहा आठवडे लागतील असं कळलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अम्गऱ्याला जा, भंगाराच्या यार्डांमागे एक कोकणी टर्नर आहे, तो दुपारपर्यंत करून देईल. त्यानं दुपारपर्यंत करून दिला. वर मला ऐकवलंही, की शाफ्ट लोखंडाच्या दोषानं मोडला नाही, बेअरिंग वाकडं बसलंय म्हणून मोडला, आणि ते सरळ केलं नाही तर हाही मोडेल.

झहूरभाई तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. दापोलीजवळच्या बुरोंडीचे. वडील बोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे. झहूरभाई मुंबईत दारूखान्याला लेथ शिकले आणि ज्या वर्षी खेडवरून कोकण रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी कुवेतला आले. त्यांची बायको शहरबानू बरीच नंतर आली, एका शाळेच्या बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायच्या कामावर. फरवानियात दोघांची एक खोली होती. मुलगी लग्न होऊन रत्नागिरीत.

मी त्यांच्याकडे काम नसतानाही जायला लागलो, कारण अम्गऱ्यात मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. ते बोलताना हातानं काहीतरी घासत असायचे. चहा अर्धा पिऊन विसरायचे. एखादं माप मनासारखं जुळलं नाही तर दुसऱ्या दिवशीही त्यांचं लक्ष तिथेच.

नोव्हेंबरात एका सकाळी यासिर नावाचा कुवेती माणूस पिकअपमधून एक इंजिन घेऊन आला. यासिर चाळिशीचा, राई भागात त्याचं टाइल्सचं शोरूम. इंजिन त्याच्या वडिलांचं. वडिलांना सगळे बू यासिर म्हणत, म्हणजे यासिरचे बाबा.

ते इंजिन खेळण्यातलं नव्हतं. अमेरिकेतल्या खऱ्या इंजिनाची लहान प्रत, टेंडर, म्हणजे मागची कोळशा-पाण्याची गाडी, धरून दोन मीटरच्या वर लांब, चार माणसांना उचलायला जड. आत खरी भट्टी, खरा कोळसा, खरी वाफ. साडेसात इंच रुंदीच्या रुळांवर ते मागच्या डब्यांत बसलेली माणसं ओढून न्यायचं. बू यासिर सत्तरच्या दशकात कोलोराडोत इंजिनिअरिंग शिकायला होते. तिथल्या एका निवृत्त बॉयलर कारागिरानं ते बनवलं होतं, आणि शेवटची दोन वर्षं बू यासिर दर शनिवारी त्याच्या हाताखाली राबले होते. म्हाताऱ्यानं मरताना ते त्यांनाच दिलं. पेटीत घालून जहाजानं ते कुवेतला आलं, अब्दलीतल्या त्यांच्या शेतावर काही वर्षं चाललं, आणि मग वीसेक वर्षं रुमैथियाच्या घरातल्या कोठीत पडून राहिलं.

आता बू यासिरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात जवळजवळ गेला होता, जीभ जड झाली होती. जानेवारीत परदेशातली नातवंडं येणार होती. त्याआधी इंजिन चालू करायचं, शेतावर रूळ टाकायचे आणि बाबांना त्यामागे बसवायचं, असं यासिरनं ठरवलं होतं.

झहूरभाईंनी इंजिन सुटं केलं. पिस्टनच्या कड्या नव्या केल्या, चाकांच्या दांड्यांचे बुश बदलले. काही भाग त्यांना कळत नव्हते. ते विचारायला ते रुमैथियाला गेले आणि मग दर दोन-तीन दिवसांनी जातच राहिले. बू यासिरांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहत असत, त्यामुळे लहानपणापासून त्यांना हिंदी येत होती. झटक्यानंतर इंग्रजी अडखळायची, हिंदी मात्र बरीच शाबूत होती. म्हणून दोघांचं जमलं.

एकदा मीही बरोबर गेलो. बू यासिर डाव्या हातानं फोटो उलटत होते आणि सांगत होते. हे इंजिन ज्याची प्रत आहे ते मूळचं एका सोन्याच्या खाणींच्या रेल्वेचं. पुरानं त्या रेल्वेचे पूल वाहून गेले, ती बंद पडली, आणि इंजिन दुसऱ्या एका गरीब रेल्वेनं जुनं म्हणून घेतलं. तिचं नाव रिओ ग्रांदे सदर्न. डोंगर इतके उभे की रुळांची रुंदी तीनच फूट ठेवलेली. एकशे बासष्ट मैलांचा मार्ग, अठराशे नव्वदच्या सुमारास बांधलेला, सगळा चांदीच्या खाणींच्या भरवशावर. मार्ग पुरा होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच चांदीचा भाव कोसळला. पुढची साठ वर्षं ती रेल्वे बुडता बुडता चालत राहिली. हिमात अडकायची, दरडीखाली सापडायची. दुसऱ्यांनी टाकलेली इंजिनं घ्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा दुरुस्त करायची.

झहूरभाईंनी मध्येच विचारलं, दुरुस्ती कुठे करायचे? बू यासिरांनी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातल्या लाकडी शेडचा फोटो दाखवला. झहूरभाई तो फोटो बराच वेळ बघत राहिले. लेथ कुठे असेल ते शोधत असावेत.

त्या दिवसापासून त्यांना नाद लागला. फोनवर ते अमेरिकेतल्या बारक्या बारक्या रेल्वेंचे व्हिडिओ बघायचे. इंग्रजी कळत नसे, पण कारागिराचे हात कळत. मेन राज्यात दोन फुटी रूळ होते, पेनसिल्व्हेनियात कोळशाची एक तीन फुटी रेल्वे होती, हे ते मला सांगायचे. तेच मूळ इंजिन कोलोराडोच्या संग्रहालयानं दशकभराहून अधिक काळ खपून पुन्हा वाफेवर आणलं होतं, तेही त्यांनी शोधून काढलं. शहरबानू मला फोनवर म्हणाल्या, "घरात ऱ्हवतात, पण असतात त्या डोंगरात. तुम्हीच समजवा."

पण त्यांना खरी अस्वस्थता दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती त्यांनी दहा-बारा दिवस कुणाला सांगितली नाही.

बॉयलरवर हातोडीनं हळू ठोकलं की चांगला पत्रा घणघणतो. भट्टीच्या खालच्या डाव्या अंगाला तो घणघणत नव्हता. आठ वर्षांपूर्वी यासिरनं कुठल्यातरी वर्कशॉपमधून इंजिन ठीकठाक करून घेतलं होतं. तिथे बाहेरून वेल्डिंगचा थर चढवून काळा रंग मारला होता. यासिरचं म्हणणं, त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा भरून इंजिन फिरवून पाहिलंय, काही झालं नाही. झहूरभाईंच्या मालकाचं म्हणणं, गिऱ्हाईक सांगतंय तेवढं कर. झहूरभाईंनी मला बोलावलं.

माझ्याजवळ जाडी मोजायचं लहान यंत्र आहे. मी अकरा ठिकाणी मोजलं. मूळ पत्रा पाव इंचाचा, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या थोडा वर. बहुतेक ठिकाणी पाच, साडेपाच भरला. त्या डाव्या अंगाला तीन पूर्णांक एक, आणि एका जागी दोन पूर्णांक सहा. वर्षानुवर्षं तळाशी पाणी राहिलं होतं. पत्रा आतून खाल्ला गेला होता.

झहूरभाईंनी माझ्या वहीतला आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "माझे अब्बा सांगायचे, वाफ आधी आगवाल्याला खाते, मग कप्तानाला कळतं." त्यांच्या वडिलांचा एक सोबती भाजून गेला होता. त्याचं प्रेत समुद्रात सोडताना वडील तिथे होते.

यासिर आला तेव्हा आम्ही दोघांनी त्याला सांगितलं. नवा बॉयलर करावा लागेल, पाच-सहा महिने जातील. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, शंभर पौंडांऐवजी पन्नासच पौंड दाब ठेवला तर? दहाच मिनिटं? झहूरभाई नाही म्हणाले. यासिर वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाबांना पुढचा हिवाळा मिळेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत," तो म्हणाला. "तू सांगशील?"

झहूरभाईंनी एवढंच सांगितलं, की वाफेवर मी चालवून देणार नाही. दुसऱ्या दिवशी यासिरनं इंजिन जोडून घेतलं आणि पिकअपवर घालून नेलं. अब्दलीला पंप चालवणारा एक मेकॅनिक होता, तो पेटवून देणार होता. मालकानं झहूरभाईंना चांगलं गिऱ्हाईक घालवल्याबद्दल चार शब्द सुनावले.

पुढचे चार दिवस झहूरभाईंनी कसे काढले ते मला शहरबानूंनी नंतर सांगितलं. जेवताना उठायचे. नमाज पढून झाली तरी मुसल्यावरच बसून राहायचे. गुरुवारी लेथवर एक सोपं काम त्यांच्या हातून बिघडलं, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. शुक्रवारी सकाळी इंजिन पेटवणार होते, हे त्यांना ठाऊक होतं. शहरबानूंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "त्या पोरानं ऐकलं नाय. बापाला कुणी विचारलंय? जावा. नायतर दिवसभर या खोलीत फेऱ्या माराल."

मला त्यांचा फोन आला तेव्हा मी गाडी धूत होतो. फरवानियातून त्यांना घेतलं आणि आम्ही अब्दलीच्या रस्त्याला लागलो. वाटेत ते एकदाच बोलले. भट्टी पेटवल्यापासून वाफ धरायला किती वेळ लागेल, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तासभर तरी. ते घड्याळाकडे बघत राहिले.

शेतावर पोचलो तेव्हा काकडीच्या हरितगृहांशेजारी रूळ टाकून तयार होते. खजुराच्या झाडांखाली गालिचे अंथरले होते, घरातली माणसं, मुलं होती. इंजिनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. दाबाचा काटा वीस पौंडांवर होता. बू यासिर चाकाच्या खुर्चीत इंजिनापासून तीन-चार हातांवर, अंगावर शाल. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. तो पाहून मला वाटलं, आपण परत जावं.

यासिर पुढे आला. झहूरभाई त्याला सलाम करून त्याच्या बाजूनं निघून गेले आणि थेट खुर्चीजवळ उकिडवे बसले.

"बाबा, बॉयलर कच्चा आहे," ते हिंदीत म्हणाले.

बू यासिरांना काहीच ठाऊक नव्हतं. कुठे, असं त्यांनी विचारलं. झहूरभाईंनी जागा सांगितली, वेल्डिंगचा थर सांगितला. कुणी मोजलं? मी पुढे झालो. किती जागी? अकरा.

"सर्वांत कमी किती?"

"दोन पूर्णांक सहा."

म्हातारबुवांनी इंजिनाकडे पाहिलं. तेवढ्या वेळात काटा बावीसवर गेला, मी बघत होतो. मग त्यांनी डावा हात उचलला आणि यासिरला अरबीत सांगितलं, मुलांना मागे घे, आग काढ.

मेकॅनिकनं भट्टीच्या तळाची जाळी पाडली. निखारे वाळूत ओढून त्यांवर माती टाकली. जेवणं झाली, आम्हालाही आग्रहानं वाढलं, पण यासिर आमच्याकडे बघत नव्हता. इंजिन निवल्यावर बू यासिरांनीच सांगितलं, आता पाण्याची परीक्षा घ्या. बॉयलर गच्च पाण्यानं भरायचा आणि हातपंपानं दाब चढवायचा. पाणी वाफेसारखं फुगत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही, नुसतं गळतं. झहूरभाई पंप मारायला लागले. पन्नास. सत्तर. काही नाही. यासिर जवळ येऊन उभा राहिला. ऐंशीवर झहूरभाईंचा हात मंदावला. माझ्या मनात आलं, आता हा बॉयलर शंभर सहन करतो आणि आपण सगळ्यांसमोर खोटे पडतो. नव्वदच्या जरा पुढे टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि त्या डाव्या अंगातून पाण्याची धार थेट वाळूत उडाली.

यासिर गाड्यांच्या मागे निघून गेला. झहूरभाई पंपाशीच बसून राहिले, भिजलेली बाही न पिळता.

बू यासिरांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि हळूहळू, शब्द शोधत, त्या गरीब रेल्वेची आणखी एक गोष्ट सांगितली. एकोणीसशे एकतीस साली तिच्याकडे वाफेची इंजिनं चालवण्याइतकं काही उरलं नव्हतं. पण टपाल पोचवायचा करार होता. तेव्हा वर्कशॉपच्या कारागिरांनी जुन्या मोठ्या मोटारी घेतल्या, त्यांचं मागचं धड कापलं, खाली रेल्वेची चाकं लावली आणि मागे मालाचा डबा जोडला. अशा गाड्या ते करत गेले. त्या डुलत चालायच्या, गरम झाल्या की बॉनेटची दोन्ही झाकणं पंखांसारखी उघडायची. लोक त्यांना हंस म्हणायचे. शेवटची वीस वर्षं ती रेल्वे मुख्यतः या हंसांनी जगवली. एकावन्न सालाच्या सुमारास सगळं बंद झालं, रूळ उपटले.

परतताना जहराच्या जवळ झहूरभाई म्हणाले, विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीच्या मोटरीत किती दम असतो?

पुढचे सोळा दिवस ते काम सुटल्यावर अम्गऱ्यातच थांबत. भंगारातून त्यांनी जुन्या पिकअपचा पत्रा आणला, मोडक्या चाकाच्या खुर्चीची मोटर आणि बॅटरी आणली. चाकं त्यांनी लेथवर केली. बॉनेट केलं, त्याला दोन बाजूंनी उघडणारी झाकणं केली. मालकानं आधी कुरकुर केली, मग स्वतःच रंग आणून दिला. यासिरला त्यांनी काही कळवलं नव्हतं. गाडी तयार झाल्यावर मी त्याला फोटो पाठवला. दोन तासांनी तो वर्कशॉपच्या दारात होता. त्यानं झाकणं उघडून पाहिली, मिटून पाहिली, पुन्हा उघडली.

जानेवारीत बू यासिर तीन दुपारी त्या गाडीमागे बसले. भोंगा ते स्वतः डाव्या हातानं वाजवत. शेवटच्या दिवशी त्यांनी झहूरभाईंना पुढे बसवलं आणि वळणावर हळू घे, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

मार्चमध्ये बू यासिर गेले. सुलैबिखातच्या दफनभूमीत झहूरभाई सगळ्यांत मागे उभे होते. त्यानंतर कितीतरी दिवस, मी गेलो की ते विचारायचे, "परीक्षित, आकडा बरोबर होता ना?" मी वही दाखवायचो. ते बघायचे, मान हलवायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचे. त्यांना वहीतलं काही विचारायचं नव्हतं, आपण अडवलं ते बरोबर का हे विचारायचं होतं, हे मला उशिरा कळलं.

उन्हाळ्यात यासिर आपणहून आला. म्हणाला, नवा बॉयलर करायचा. मी नकाशे काढले, प्रमाणपत्र असलेला वेल्डर शोधला, बाकी सगळं झहूरभाईंनी केलं. पाण्याच्या परीक्षेत दीडशे पौंडांवर काटा अर्धा तास हलला नाही. डिसेंबरात एका शुक्रवारी अब्दलीला इंजिन पेटवलं. शहरबानूही आल्या होत्या. शंभरावर वाफ आली, सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसला, आणि इंजिन धडधडत निघालं. खजुरांपर्यंत गेलं आणि परत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यासिर टेंडरवर बसला होता, झहूरभाई इंजिनाशेजारून चालत होते.

थांबल्यावर यासिरनं हातातलं फावडं खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या दिवशी मी पन्नासच ठेवणार होतो. दहा मिनिटं. फाटला असता?"

मी जवळच होतो. मला वाटलं, झहूरभाई हो म्हणतील. त्यांनी हो म्हणायला हवं होतं, यासिरसाठी नाही तर स्वतःसाठी तरी.

"माहीत नाही," ते म्हणाले. "पाण्याचे नव्वद त्यानं सहन केले. आगीचं वेगळं असतं. कदाचित चाललाही असता."

यासिर म्हणाला, बाबांनी विचारलं असतं तरी तू हेच सांगितलं असतंस. आणि मुलांना डब्यात बसवायला उठला.

संध्याकाळी परतताना शहरबानू मागच्या सीटवर झोपल्या होत्या. झहूरभाई गुडघ्यावर बोटं वाजवत होते. अम्गऱ्याचा फाटा आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मी म्हटलं, आज शुक्रवार, वर्कशॉप बंद असेल. ते म्हणाले, चावी आहे, परवाची एक पुली थोडी डगमगत होती, ती बघून येतो, बायकोला घरी सोडा. आणि मी काही म्हणायच्या आत दार उघडून भंगाराच्या यार्डांमधल्या रस्त्यानं चालायलाही लागले.